उदाजीरावांना आठवलेली खोली

"गुरुजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, 'उदाजी, संस्था सांभाळ,'" उदाजीराव पिसाळ म्हणाले आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"कुठला हात?" मी विचारलं.

"आं?"

"गुरुजींनी कुठल्या हाताने तुमचा हात धरला?"

"उजव्या. आता हे कशाला?"

"त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. दोन वर्षं."

"मग डाव्या."

"आणि वाचाही गेली होती."

उदाजीरावांनी रुमालाची घडी तशीच परत खिशात ठेवली. माझ्या घराच्या ओट्यावर ते बसले होते. बाहेर त्यांची गाडी, गाडीला टेकून ड्रायव्हर. त्यांनी थोडा विचार केला.

"मग डोळ्यांनी म्हणाले."

"डोळ्यांनी 'संस्था सांभाळ' म्हणाले?"

"तुम्ही बातमी लिहिताय का भाषण, सबनीस?"

"भाषण. म्हणून तर विचारतोय. बातमीला दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो."

नेर्लेकर गुरुजी जाऊन चार दिवस झाले होते. रविवारी नगरवाचनालयाच्या सभागृहात त्यांची शोकसभा होती. मी तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकाचा आमच्या गावातला वार्ताहर होतो आणि गावातल्या बऱ्याच लोकांची भाषणं माझ्या हातून जात. सत्कार, एकसष्टी, निरोप समारंभ, शोकसभा. त्याबद्दल मी काही घेत नसे, त्यामुळे नाही म्हणायची मोकळीक होती. लोकांना वाटे, मी शब्द चांगले घालतो. प्रत्यक्षात मी फक्त प्रश्न विचारत असे. माणसाच्या पोटात एखादी खरी आठवण असली तर ती चौथ्या-पाचव्या प्रश्नाला वर येते. नसली तर तो रुमाल काढतो.

"आणि दुसरं असं," मी म्हणालो, "ही हात धरल्याची आठवण आधीच दोघांनी घेतलीय."

"कुणी?"

"नावं सांगणार नाही. रविवारी कळेल."

"बोंद्रे," उदाजीराव म्हणाले. "तो बोंद्रे मास्तरच असणार. दवाखान्यात एकदा आला, केळी ठेवून गेला. त्याचा हात कशाला धरतील गुरुजी?"

बोंद्रे सर म्हणजे संस्थेचे निवृत्त मुख्याध्यापक.  उदाजीराव स्वतः दवाखान्यात एकदाही गेले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

शोकसभेत मृताला एकच काम असतं : वक्त्यांचं कौतुक करून ठेवलेलं असणं. गेलेला माणूस प्रत्येकाला आयुष्यात एकदा बाजूला घेऊन म्हणालेला असतो, की तुझ्याकडून मला फार अपेक्षा आहेत. आमच्या गावात या वाक्याला भावही होता. गुरुजी संस्थेचे अध्यक्ष, उदाजीराव उपाध्यक्ष. विश्वस्तांतले बहुतेक जण उदाजीरावांच्या मुठीत, त्यामुळे अध्यक्षपद त्यांना मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. पण नुसतं मिळून त्यांचं भागणार नव्हतं. ते गुरुजींनी दिलं, असं गावाने म्हणायला हवं होतं.

"दोन दिवसांनी या," मी म्हणालो. "घरी जाऊन आठवा. खरं काहीतरी. लहान चालेल."

"लहान कशाला? मोठंच आठवतो," उदाजीराव म्हणाले.

संध्याकाळी मी इंदूताईंकडे गेलो. इंदुमती नेर्लेकर म्हणजे गुरुजींची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही, साठीच्या जवळ आलेली, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. वसतिगृह म्हणजे गुरुजींचं जुनं घरच. बाजारपेठेच्या रस्त्यावरची बैठी कौलारू इमारत गुरुजींनी संस्थेला लिहून दिली होती. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या ज्या वाड्यांना आठवीच्या पुढे शाळा नाही आणि एसटीही नाही, तिथल्या मुली तिथे राहून शिकत. मला पुरवणीसाठी गुरुजींच्या जन्मतारखेची खात्री करायची होती.

इंदूताई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून मुलींची ताटं वाढून होताहेत की नाही ते बघत होत्या. तारीख त्यांनी सांगितली. मग म्हणाल्या, "उदाजी येऊन गेला म्हणे तुमच्याकडे."

"आले होते."

"काय आठवलं त्याला?"

"अजून काही नाही."

"त्याला एवढंच आठवतं, की ही जागा रस्त्याला लागून आहे." त्यांनी एका मुलीला हाताने खूण करून आमटीचं पातेलं झाकायला सांगितलं. "नकाशासुद्धा काढून आणलाय. खाली गाळे, वर मॅनेजमेंट कॉलेज. अध्यक्ष झाला की पहिल्या सभेत ठराव."

"आणि मुली?"

"मुलींची पर्यायी व्यवस्था. बायपासला कारखान्याचं गोदाम आहे, त्याच्यावरचे हॉल. ट्रकवाले उतरतात तिथे. मला सांगा, कुठला बाप मुलगी ठेवील तिथे? ठेवणार नाही, हे उदाजीलाही ठाऊक आहे. मग वर्षभराने म्हणेल, मुलीच येत नाहीत, बंद करा."

"विश्वस्तांशी बोललात?"

"सगळ्यांशी. सगळे म्हणतात, ताई, तुमच्या भावना समजू शकतो." त्या हसल्या. "माझ्या भावना समजणारे एवढे लोक गावात असतील असं वाटलं नव्हतं."

मी म्हणालो, "रविवारी तुम्ही बोला."

"नाही."

"शेवटच्या दोन वर्षांतलं काहीही सांगा. गाव तुमच्या बाजूने उभं राहील."

इंदूताईंनी माझ्याकडे बघितलं. आत जमिनीवर रांगेत बसलेल्या मुली एकदम जेवायला लागल्या आणि चमच्यांचा आवाज सुरू झाला.

"रोज संध्याकाळी बाबा डाव्या हाताने दाराकडे दाखवायचे," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुली परत आल्या का, असं विचारायचं असायचं त्यांना. मी आल्या म्हणेपर्यंत जेवायचे नाहीत. हे सांगू? बोंद्रे सरांच्या नंतर आणि उदाजीच्या आधी? मध्ये तो निवेदक शेर म्हणेल त्याच्यावर."

"हे सांगितलंत तर..."

"अहो सबनीस, तुम्हाला ती गोष्ट दिसते. मला ते दिसतात. बाबांना मी व्यासपीठावर चढवून मतं मागणार नाही. लिहा तुमची तारीख आणि जा. पुरुष माणूस दारात बसलाय म्हणून मुली भात मागायला लाजतात."

मी उठलो.

उदाजीराव ठरल्याप्रमाणे आले. या वेळी टाइप केलेला कागद घेऊन. संस्थेच्या कॉलेजातल्या कुणा प्राध्यापकाकडून लिहून आणला होता. पहिल्या ओळीत गुरुजी वटवृक्ष होते, दुसऱ्या ओळीत दीपस्तंभ, आणि तिसऱ्या ओळीत त्या दीपस्तंभाच्या सावलीत उदाजीराव वाढले होते.

"दीपस्तंभाला सावली असते का?" मी विचारलं.

"असेल की. उंच असतो."

मी कागद बाजूला ठेवला. "गुरुजींना तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

"लहानपणी."

"किती लहान?"

"अकरा असेन. पाचवीला आलो तेव्हा."

"कुणाबरोबर आलात?"

"आईबरोबर." त्यांनी हात झटकला. "ते नको. ते काय सांगण्यासारखं नाही."

"कसे आलात?"

"चालत. डोंगर उतरून. दुसरं काय होतं तेव्हा?"

"सामान?"

"पत्र्याची ट्रंक. आईच्या डोक्यावर. मी म्हटलं मी घेतो, तर नको म्हणाली. उतरताना पाय घसरंल म्हणाली तुझा." उदाजीराव बोलता बोलता खुर्चीत मागे सरकले होते आणि त्यांच्या बोलण्यातून उपाध्यक्ष गळून पडला होता. "घराच्या दारात ट्रंक ठिवली आन् म्हणाली, गुरुजी, ह्याला ठिवून घ्या. गुरुजी म्हणाले, बाई, जागा न्हाई, एका खोलीत सात पोरं झोपत्यात. आई काय बोललीच न्हाई. ट्रंक तितंच ठिवली आन् वळली. निघून गेली. अंधार पडायच्या आत डोंगर चढायचा हुता तिला."

"मागे वळून बघितलं?"

"न्हाई. मी बघत हुतो. न्हाई बघितलं."

मी लिहून घेत होतो. वर न बघता विचारलं, "मग?"

"मग गुरुजींनी मला आत नेलं. घराच्या आतल्या खोलीत. पोरांच्या नव्हं, त्यांच्या घरच्या. चिंचेकडं खिडकी हुती. गादी घातलेली. म्हणाले, झोप हितं. मी गादीवर कधी झोपलोच नव्हतो." त्यांनी चहा घेतला. परत उपाध्यक्षाच्या आवाजात म्हणाले, "एवढंच. यात काय आहे भाषणासारखं?"

"त्या रात्री झोप लागली?"

"लागली की."

"लगेच?"

उदाजीराव काही बोलले नाहीत. मी थांबलो. बातमीदाराला एवढं एक जमायला हवं, समोरचा गप्प बसला की आपणही गप्प बसायचं. बहुतेकांना जमत नाही.

"गादी ओली झाली," ते शेवटी म्हणाले. "रडत झोपलो आन् ओली केली. अकरा वर्षांचा घोडा. सकाळी उठलो ते पांघरूण घेऊन तसाच बसून राहिलो. पोरांना कळलं असतं तर शाळा सोडेपर्यंत नाव पडलं असतं. गुरुजी आले, बघितलं. काय बोलले न्हाईत. गादी उचलली, मागच्या अंगणात नेली, आन् तिच्यावर स्वतःच बादलीभर पाणी ओतलं. पोरांनी विचारलं तर म्हणाले, माझ्या हातून बादली सांडली."

मी पेन खाली ठेवलं.

"हे सांगा," मी म्हणालो.

"येडे झालात का?" उदाजीराव ओरडले. "हे सांगू? भर सभेत? मी गादी..."

"हात धरल्याचं बोंद्रे सर सांगतील. ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नाही."

"लोक हसतील."

"हसणार नाहीत. स्वतःची लाज सांगणाऱ्या माणसाला लोक खोटारडा समजत नाहीत. हे एक सांगितलंत की तुम्ही दुसरं काहीही सांगा, खरंच वाटेल."

ते वाक्य त्यांना पटलं. चेहऱ्यावर पटल्याचं दिसलं, आणि त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी काही थोडी माया वाटू लागली होती ती गेली.

"दुसरं काहीही," ते म्हणाले.

"ती खोली आता कुठली?"

"आहे की तीच. उत्तरेकडची. पोरी असतात आता तिथं."

"तसं सांगा. घरात शिरल्यावर डावीकडे की उजवीकडे, खिडकी, चिंच, सगळं. लोकांना खोली डोळ्यांसमोर दिसली पाहिजे. आणि बोलताना आत्ता बोललात तसं बोला. 'ठिवली' म्हणा, 'ठेवली' नको."

"अध्यक्ष होणारा माणूस 'ठिवली' म्हणणार?"

"आईच्या डोक्यावरची ट्रंक आहे. ती 'ठिवली'च पाहिजे."

त्यांनी मान हलवली. मग पुढे झुकून म्हणाले, "शेवट जबरा पाहिजे, सबनीस. शेवटाला बायकांच्या डोळ्याला पदर लागला पाहिजे."

शेवट मी त्यांच्यासमोरच लिहिला आणि वाचून दाखवला. 'आजही त्या खोलीत पहिल्या रात्री एखादी पोर रडत असेल. तिला मला सांगायचंय, बाळ, मीही इथंच रडलो होतो. या घराने मला झाकलं. ते तुलाही झाकील.'

उदाजीरावांनी ते तीन वेळा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा 'झाकील'वर आवाज खाली आणला, तिसऱ्यांदा 'बाळ'च्या आधी थांबले. ड्रायव्हरला आत बोलावून त्यालाही ऐकवलं. ड्रायव्हर म्हणाला, "लई भारी, साहेब." जाताना उदाजीरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी असते तर खूश झाले असते."

रविवारी सभागृह भरलं होतं. गुरुजींचा मोठा फोटो, हार, समई. निवेदक मराठीचे प्राध्यापक होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आज शब्द मुके झाले आहेत, आणि मग पाऊण तास त्यांनी त्या मुक्या शब्दांना बसू दिलं नाही. दोन मिनिटं शांतता पाळली गेली तेव्हा तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल लग्नाच्या बँडसारखा वाजत राहिला.

बोंद्रे सरांचा हात गुरुजींनी धरला. गुरुजी म्हणाले, "बोंद्रे, शाळेकडे लक्ष ठेवा." त्यांच्यानंतर आलेल्या माजी नगराध्यक्षांचाही हात गुरुजींनी धरला, आणि त्यांच्याकडे गाव सोपवलं. दोन वर्षं मुक्या पडलेल्या माणसाने मरताना एवढ्या जबाबदाऱ्या वाटल्या, आणि गावातला प्रत्येक माणूस त्यांच्या आजाराबद्दल जाणून होता, तरी एकाचीही भुवई हलली नाही. शोकसभेत हरकत घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. टाळ्याही वाजवत नाहीत. लोक खाली बघतात आणि आपल्या चपला नीट आहेत ना ते बघतात.

इंदूताई पहिल्या रांगेत कडेला बसल्या होत्या. वसतिगृहाच्या मुली मागे, भिंतीला लागून उभ्या होत्या.

उदाजीराव उठले. माइकसमोर आले आणि काही क्षण काहीच बोलले नाहीत. हेही आम्ही ठरवलं होतं. मग म्हणाले, "माझ्या आईनं दारात ट्रंक ठिवली."

 ते चांगलं बोलले, हे मला मान्य करायलाच हवं. डोंगर आला, आईने वळून न बघणं आलं, उत्तरेकडची खोली आली, चिंच आली. गादीपाशी त्यांचा आवाज खरोखरच अडकला. तो सरावात अडकला नव्हता. गुरुजींनी अंगणात बादली ओतली तेव्हा माझ्या शेजारचा कापडदुकानदार नाक ओढत होता. आणि "ते तुलाही झाकील" म्हणताना उदाजीरावांनी हात लांब करून मागे भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलींकडे दाखवलं. ते मी सुचवलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं.

ते फोटोला नमस्कार करून वळले, तोच पहिल्या रांगेतून इंदूताई उभ्या राहिल्या. निवेदक गडबडला. त्याच्या यादीत त्या नव्हत्या. त्या व्यासपीठावर गेल्या नाहीत. जागेवरूनच, माइकशिवाय, रोज मुलींना जेवायला बोलावतात त्या आवाजात बोलल्या.

"उदाजीराव, ती खोली आहे अजून. खिडकीही तीच आहे. पोरी पहिल्या रात्री रडतातच. मी त्यांना काय सांगू, मी काही तिथे परकी म्हणून आले नव्हते. तुम्ही आलात. तर तुम्ही येऊन सांगा. जूनमध्ये नव्या पोरी येतात. दरवर्षी येतात. दरवर्षी या. तुम्ही अध्यक्ष असाल, तुमच्या शब्दाला वजन असेल. ती खोली, ते घर आम्ही तुमच्यासाठी तसंच ठेवू."

मागे कुणीतरी टाळी वाजवली. शोकसभेत. ती एक टाळी तशीच पडून राहील असं वाटलं, पण कापडदुकानदाराने दुसरी वाजवली, आणि मग सगळं सभागृह वाजवू लागलं. बायकांच्या डोळ्यांना पदर लागलेलेच होते. अजून फोटोसमोरच उभ्या असलेल्या उदाजीरावांनी दोन्ही हात जोडले. टाळ्या थांबेनात. शेवटी त्यांनी माइक धरला आणि म्हणाले, "येईन. गुरुजींच्या साक्षीनं शब्द देतो. त्या घराच्या कौलालासुद्धा कुणी हात लावणार न्हाई."

हे वाक्यही माझं नव्हतं. टाळ्यांनी त्यांच्याकडून काढून घेतलेलं होतं.

भाषण मी लिहिलं होतं, म्हणून सभेची बातमी मी लिहिली नाही. दैनिकाच्या जिल्ह्याच्या कचेरीतून आलेल्या मुलीला दिली. तिने मथळा केला : 'कौलालाही हात लावणार नाही; उदाजीराव पिसाळ यांचा गुरुजींच्या साक्षीने शब्द'. फोटो हात जोडलेला.

विश्वस्तांची सभा झाली, उदाजीराव अध्यक्ष झाले. दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. एकटेच आले, ड्रायव्हर नव्हता. खुर्चीवर बसले आणि चहा नको म्हणाले.

"सबनीस, दुसरी एक आठवण काढावी लागेल."

"कसली?"

"गुरुजींची. मला ते म्हणाले होते, की उदाजी, काळ बदलला, ही इमारत जुनी झाली. पोरींसाठी चांगली, पक्की जागा बघ दुसरीकडे."

"कधी म्हणाले?"

"कधी म्हणजे... मागं."

"वाचा जायच्या आधी की नंतर?"

त्यांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "आधी. पाच-सहा वर्षं झाली. कुणी नव्हतं तेव्हा. आम्ही दोघंच."

"हे सभेत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खोलीत घुसवलंत मला!" त्यांचा आवाज चढला. "मी काय बोलत होतो? मी हात धरल्याचं बोलत होतो. साधं, सरळ. तुम्ही ट्रंक काढली, गादी काढली. आता बाजारात जाईन तिथं बायका थांबवून सांगतात, दादा, ती खोली बघून आलो. बघून येतात, सबनीस! हार घालतात दाराला! काल गाळे बांधणार होता त्या कॉन्ट्रॅक्टरची बायको मला म्हणाली, तुमचं भाषण वाचून मी रडले. कॉन्ट्रॅक्टरची बायको!"

"चांगलं झालं भाषण."

"झालंच चांगलं," ते नकळत म्हणाले. मग सावरून, "ते वेगळं. आता मला यातून काढा. काहीतरी आठवणच पाहिजे. ठराव केला तर लोक तोंडात शेण घालतील, पण गुरुजींचीच इच्छा होती म्हटलं तर..."

"तुमच्याजवळ एकच आठवण होती, उदाजीराव," मी म्हणालो. "ती वापरून झाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मुद्दाम केलं का, असं विचारतील असं मला वाटलं, आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही. स्वतःच्या भाषणात आपण काय बोललो, हे दुसऱ्या कुणी मुद्दाम ठरवलं असेल, ही शक्यता त्यांच्या डोक्यात शिरण्यासारखी नव्हती. भाषण चांगलं झालं होतं, म्हणजे ते त्यांचं होतं. लिहून घेताना त्यांनी वाक्याचा नाद ऐकला होता. अर्थ ऐकायला गाव होतं.

जूनमध्ये ते वसतिगृहात आले आणि नव्या मुलींना ती गोष्ट सांगितली. पुढच्या जूनमध्येही आले. दुसऱ्या वर्षी डोंगर उतरताना आईच्या पायात काटा गेला. तिसऱ्या वर्षी अकराचे नऊ वर्षांचे झाले. चौथ्या वर्षी 'ठिवली'ची 'ठेवली' झाली आणि गुरुजींनी त्या पहिल्या रात्री उशाशी बसून त्यांना थोपटलं. गादी मात्र राहिली. तिथे अजूनही ऐकणारे रडतात, हे त्यांनी नीट हेरलं होतं. अध्यक्ष म्हणून ते वाईटच ठरले. दोन शाळांची मैदानं गेली, भरतीत जे व्हायचं ते झालं. बाजारपेठेच्या रस्त्यावरच्या एका घराला तेवढा कुणी हात लावला नाही.

गुरुजींच्या पाचव्या पुण्यतिथीच्या आधी इंदूताईंनी मला निरोप पाठवून बोलावलं. त्या ऑफिसात बसल्या होत्या. समोरच्या खोलीच्या दारावर संगमरवरी पाटी होती : 'या खोलीत मा. उदाजीराव पिसाळ यांनी विद्यार्थिदशेत वास्तव्य केले.'

"ही कुणी लावली?" मी विचारलं.

"मी. उद्घाटनालाही त्यालाच बोलावलं. पाटी असली की पाडताना आधी आपलं नाव पाडावं लागतं." त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. "तुम्ही त्याला त्या दिवशी सगळं विचारलंत. खिडकी, चिंच, गादी. त्या खोलीत आधी कोण झोपायचं, हे सांगितलं का त्याने?"

"नाही."

"मी. गादीही माझीच. मी नऊ वर्षांची होते. मुलगी घरात आणि परका मुलगा आतल्या खोलीत, बरं दिसत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मला कोल्हापूरला मावशीकडे पाठवलं. तिला दिवस गेले होते. घरकामाला हात झाला. शाळेत दीड वर्षाने घातलं. परत आले तेव्हा ती खोली त्याची झाली होती."

मी कप खाली ठेवला. तीस वर्षं मी लोकांच्या आठवणी काढत आलो होतो. एवढी घडीव, एकही शब्द बदलावा लागू नये अशी माझ्यापुढे कधी आली नव्हती.

"हे तुम्ही त्या सभेत उभ्या राहिलात तेव्हा का नाही..."

"तेव्हा सांगितलं असतं तर लोक माझ्यासाठी हळहळले असते आणि त्याची गोष्ट बिघडली असती," इंदूताई म्हणाल्या. "ती मला अख्खी पाहिजे होती. अजूनही पाहिजे. या पोरी तिच्यावर राहतात. म्हणून सांगते, हे छापायचं नाही. मी असेपर्यंत तरी नाही."

आता त्या नाहीत.

"मग बोलावलंत कशाला?" मी विचारलं.

"पुण्यतिथीचं त्याचं भाषण तुम्हीच बघणार ना? त्यात एक घाला. त्या रात्री छप्पर गळत होतं म्हणावं. गादीपाशी थेंब पडत होते. सगळे विश्वस्त येणार आहेत, आमदारही येणार आहेत. त्यांच्यासमोर त्याने म्हटलं की कौलं बदलून मिळतील."

"तेव्हा गळत होतं?"

"आता गळतंय."

"इंदूताई, घडलं नसेल ते मी लिहीत नाही."

"तुम्ही लिहू नका हो," त्या उठत म्हणाल्या. आतून ताटांचा आवाज यायला लागला होता. "त्याला नुसतं विचारा, छप्पर गळत होतं का. आठवेल त्याला."